बारा सेकंदांचे तेरा

ज्या बाईला ऐकू येत नाही, तिला गाणी वाजवणारं यंत्र भेट द्यायला एक खास स्वभाव लागतो. वहिनींच्या धाकट्या भावाकडे तो उपजतच होता. याच गृहस्थाने आपल्या भाऊजींना निवृत्तीच्या दिवशी गजराचं घड्याळ दिलं होतं. मन मात्र लोण्यासारखं. घरगुती उपकरणांच्या दुकानात तो विक्रेता होता, आणि दुकानात जे खपत नसे ते नातेवाइकांत प्रेम म्हणून खपत असे.

यंत्र डब्याच्या झाकणाएवढं होतं. टीव्हीला जोडायचं, त्यात गाणी भरलेली पेनड्राइव्हची काडी खोचायची आणि रिमोट हातात घेऊन बसायचं.

"ताई, अगं हे ऐकायचं नाही, बघायचं!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. ऐकू न येणाऱ्या माणसाशी ओरडून बोलण्याचा काही उपयोग नसतो, पण ओरडणाऱ्याला आपण प्रयत्न केल्यासारखं वाटतं.

दोन वर्षांपूर्वी एका दुखण्यावर दिलेल्या औषधांनी वहिनींचं दुखणं बरं केलं आणि जाताना ती कान घेऊन गेली. तेव्हापासून त्या समोरच्याचे ओठ वाचत, आणि ओठ पुरले नाहीत तर कोपऱ्यातली पाटी पुढे करत. स्वतःच्या आवाजाचा अंदाज मात्र त्यांना उरला नव्हता. त्यामुळे घरात गुपित असं काही राहिलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंबद्दल वहिनींचं काय मत आहे, हे दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंसकट सगळ्या इमारतीला माहीत होतं.

भावाने, म्हणजे भाऊजींच्या या मेहुण्याने, गाणं लावलं. टीव्हीच्या काळ्या पडद्यावर हिरव्या, निळ्या, केशरी रेघा उसळायला लागल्या. आवाज चढला की त्या चढत, उतरला की वितळत. या प्रकाराला व्हिज्युअलायझर म्हणतात, असं मेहुण्याने पाटीवर लिहिलं, आणि एवढं लांबलचक लिहिल्यावर दमून खाली बसला. वहिनी आधी पाहुण्यांच्या नातवाचा नाच बघावा तशा सभ्यपणे बघत होत्या. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग एक हात स्पीकरवर ठेवला. तिसऱ्या गाण्याला म्हणाल्या, "ही बाई वरचा सूर लावायच्या आधी किंचित थांबते. भित्री आहे."

ती गायिका खरोखरच तशी थांबत असे. कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या नवऱ्याने पेपर खाली केला.

नवऱ्याची ओळख करून द्यायला हवी. रेडिओ केंद्रात त्यांनी उभी हयात रेकॉर्डिस्ट म्हणून काढली. तिथे त्यांना सगळे कानसेन म्हणत. काहीजण आदराने, बरेचसे वैतागून. कारण कानसेनांचा एक नियम होता. फार पूर्वी कधीतरी एका मोठ्या माणसाच्या निधनावरचा शोकसंदेश प्रसारित झाला आणि त्याच्या शेवटी आधीच्या विनोदी कार्यक्रमातला हशा तसाच चिकटून गेला. हशा चांगला दणदणीत होता. त्या दिवसापासून कानसेनांनी ठरवलं : ज्याने प्रत काढली, त्याने ती हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः ऐकायची. न ऐकलेली प्रत खोलीबाहेर जाणार नाही. मग ती बातमी असो, भाषण असो की पिठाच्या गिरणीची जाहिरात. हा नियम त्यांनी इतरांना जेवढा लावला, त्याहून कडक स्वतःला लावला, आणि निवृत्त होताना केंद्राची किल्ली परत केली तरी नियम घरी घेऊन आले.

यंत्र आलं त्या दिवसापासून वहिनींची दुपार रेघांची झाली. जेवणं उरकली की त्या टीव्हीसमोर बसत. कुठल्या रेघा ढोलाच्या, कुठल्या माणसाच्या, कुठल्या बाईच्या, हे त्यांना कळू लागलं. "हा पुरुष नाकात गातो," असा शेरा त्या मारत, आणि कानसेन नाइलाजाने मान डोलवत. दोन वर्षांत पहिल्यांदाच नवराबायको एका विषयावर बोलत होते, आणि तो विषय औषधांचा नव्हता.

आणि मग एका दुपारी वहिनी त्यांच्या त्या इमारतव्यापी आवाजात म्हणाल्या, "अहो, आपल्या पोराचं लावा की."

कानसेन चहा गाळत होते. ते गाळतच राहिले. कप भरून बशीत सांडला.

त्यांना एकच मुलगा होता. अकरा वर्षांपूर्वी, एकोणिसाव्या वर्षी तो गेला. ताप साधा आहे असं डॉक्टर म्हणाले होते, आणि तो साधा नाही असं म्हणेपर्यंत ताप कुणाचं ऐकण्यापलीकडे गेला होता. पोराच्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग होतं. केंद्रातलं नवं मशीन तपासायला म्हणून कानसेनांनी एका रविवारी घरी आणलं होतं; पोरगा ते घेऊन स्वयंपाकघरात बसला आणि त्याने त्यावर घरातल्या बातम्या वाचल्या. ती फाइल कानसेनांनी नीट जपून ठेवली होती. इतकी नीट, की ती कुणी कधी उघडलीच नाही. वहिनींना ऐकू येत होतं तेव्हा विषय निघाला की त्या म्हणत, "आत्ता नको." नऊ वर्षं आत्ता नको होतं. मग कान गेले. कानसेनांचे कान शाबूत होते, पण ते बायकोच्या 'आत्ता नको'च्या आडोशाला आरामात उभे होते. आता आडोसाच उठून म्हणत होता, लावा की.

त्यांनी फाइल काडीवर घेतली, काडी यंत्रात खोचली. टीव्हीचा आवाज शून्यावर होता. तिला कुठे ऐकायचंय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. बटण दाबलं.

पडद्यावर एक हिरवी रेघ आली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. सरळ. हलेना की डुलेना.

तसली रेघ दोघांनी याआधी एकदाच बघितली होती, आणि त्या खोलीला औषधांचा वास होता. वहिनींनी स्पीकरवरचा हात काढून घेतला.

"बंद करा," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच हळू.

कानसेनांना बिघाड लगेच कळला. कळणारच. आवाज साठवताना यंत्र त्याचे बारीक बारीक तुकडे करून ठेवतं आणि वाजवताना त्याच वेगाने पुन्हा ओळीने लावतं. एका सेकंदाचे किती तुकडे, याला म्हणतात सॅम्पल रेट. बाजारातल्या गाण्यांत सेकंदाचे चव्वेचाळीस हजार एकशे तुकडे असतात. रेडिओ केंद्राच्या मशीनवर मात्र अठ्ठेचाळीस हजार करायची पद्धत. मेहुण्याने दिलेलं यंत्र दोन्ही प्रकार वाजवत असे, पण त्यातला रेघा काढणारा भाग फक्त पहिलाच हिशेब शिकला होता. दुसरा समोर आला की तो बावचळत नसे, चुका करत नसे. सरकारी खिडकीसारखा ढिम्म बसून राही.

हे सगळं त्यांनी पाटीवर लिहून बायकोला समजावलं. दोनदा पाटी पुसावी लागली.

"म्हणजे आपल्या पोराचे तुकडे जास्त आहेत," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"मग करा की बरोबर. जन्मभर दुसरं काय केलंत?"

"बघतो," कानसेन म्हणाले.

आपल्या भाषेत 'बघतो' हा शब्द न बघण्यासाठी राखून ठेवलेला आहे. खरं तर उपाय त्यांना उभ्या उभ्या माहीत होता. फाइलची एक प्रत काढायची, कॉम्प्युटरकडून तिचे तुकडे यंत्राच्या हिशेबात नव्याने पाडून घ्यायचे. मूळ फाइलला धक्काही लागत नाही. चहा निवायच्या आत होणारं काम. पण ती प्रत असती, आणि न ऐकलेली प्रत खोलीबाहेर जात नाही. म्हणजे पोराची प्रत काढायची, तर पोराला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं.

म्हणून कानसेनांनी प्रत सोडून बाकी सगळं केलं. त्यांनी वायर बदलली. मग बदललेली वायर बदलली. यंत्र उघडून त्यातली नसलेली धूळ पुसली. इंटरनेटवर अनोळखी लोकांना सल्ला विचारला. त्या लोकांनी, माणसाच्या कानाला अठ्ठेचाळीस आणि चव्वेचाळीसमधला फरक कळतो का, यावर एकमेकांची कुळं काढली आणि कानसेनांना विसरून गेले. टीव्हीच्या मागे डोकं घालून ते तासन्‌तास बसत. वहिनी आल्या, गेल्या, बघत राहिल्या.

"अहो, तुम्ही दुरुस्त करताय की राखण करताय?" एकदा त्यांनी विचारलं.

कानसेन टीव्हीच्या मागेच राहिले. ओठ दिसले नाहीत की उत्तर द्यावं लागत नाही, ही सोय त्यांनी हल्ली शोधून काढली होती.

मेहुणा येऊन जाऊन असे. "भाऊजी, द्या इकडे. दोन मिनिटांचं काम."

"मेव्हणेबुवा, तुम्ही मिक्सर विका."

"अहो, ताई रोज त्या आडव्या रेघेसमोर बसते. मला बघवत नाही."

"मग बघू नकोस. घरी जा."

"घरीच आहे मी. बहिणीच्या."

हे बोलणं वहिनी ओठांवरून वाचत होत्या.

पुढच्या रविवारी सकाळी कानसेन आणखी एक वायर आणायला बाजारात गेले. ते जिना उतरल्याचं वहिनींनी खिडकीतून बघितलं, कपाटातून काडी काढली आणि भावाच्या हातावर ठेवली.

"त्यांनी मला हात लावायला मनाई केलीय, ताई," तो म्हणाला, आणि नंतर आठवून पाटीवर लिहिलं.

"त्यांचा मुलगा आहे तसा माझाही आहे," वहिनी म्हणाल्या. "लाव."

मेहुण्याने कुठूनसा एक छोटा प्रोग्राम उतरवून घेतला होता. त्यात फाइल टाकली की वरच्या कोपऱ्यात अठ्ठेचाळीस हजार हा आकडा दिसे. आकडा खोडता येत होता. त्याने तो खोडला आणि तिथे चव्वेचाळीस हजार एकशे लिहिलं. संपलं काम. पोत्यातला माल तोच ठेवून वरची चिठ्ठी बदलावी तसा हा प्रकार होता. पण चिठ्ठी वाचणाऱ्यांनी पोत्यात हात घालून बघायचा नसतो, या तत्त्वावर मेहुण्याचा धंदा चालत होता आणि यंत्रही त्याच पंथाचं निघालं. काडी खोचली, बटण दाबलं, आणि रेघा उसळल्या.

मेहुण्याने आवाज मोठा केला.

कानसेन जिन्यात होते. हातात वायरीची पिशवी. वरून कुणीतरी बोलत होतं. शांत, भरदार, थोडा रेंगाळणारा आवाज, तिशीतल्या माणसाचा. त्यांना वाटलं, पाहुणे आलेत. मग तो आवाज म्हणाला :

"नमस्कार. घरातल्या ठळक बातम्या. स्वयंपाकघरात दूध उतू गेलं असून अद्याप कोणत्याही संघटनेने जबाबदारी स्वीकारलेली नाही. आई घटनास्थळी दाखल झाली आहे. बाबांचा चष्मा सापडला. तो बाबांच्याच डोळ्यांवर होता, असं खात्रीलायक सूत्रांकडून समजतं."

कानसेन कठड्याला धरून उभे राहिले. मग उरलेल्या पायऱ्या चढले. दार लोटलेलंच होतं.

टीव्हीसमोर वहिनी बसल्या होत्या, तळवा स्पीकरवर, तोंड किंचित उघडं. शेजारी मेहुणा शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. पडद्यावर रेघा सावकाश चढत होत्या, सावकाश उतरत होत्या.

मेहुण्याने त्यांना पाहिलं आणि तो उठून उभा राहिला. "भाऊजी... चालू झालं. अगदी तोच आहे हो! जरा भारदस्त वाटतोय, एवढंच."

कानसेन खुर्चीवर टेकले. ते काय झालंय ते ओळखून होते. चिठ्ठी बदलल्यामुळे यंत्र आता दर सेकंदाला तुकडे कमी उचलत होतं. तुकडे तेवढेच, म्हणून ते संपायला वेळ जास्त. बारा सेकंदांचं बोलणं तेरा सेकंदांत. आवाज जड, उतरलेला. केंद्रात अशी टेप कुणी त्यांच्यासमोर ठेवली असती तर त्यांनी ती खिडकीबाहेर फेकली असती.

त्यांनी काहीच फेकलं नाही. ते ऐकत होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि जो पोराने कधी गाठलाच नाही त्या वयात. हा तीस वर्षांचा होता. याला नोकरी असणार. वेळेवर उठत असेल, किंवा बायको उठवत असेल. कपाळावरचे केस मागे सरकायला लागले असतील; घराण्यातच आहे. बापाला म्हणत असेल, बाबा, पुरे झाल्या त्या वायरी. आवाज हवामानाच्या बातमीवर आला. बाबांचा पारा आज चढा राहील, संध्याकाळी हलक्या सरींची शक्यता. मागून कुठूनतरी वहिनींचा आवाज आला, तोही जड झालेला, पोक्त बाईचा : बडबड थांबव आणि फडकं आण.

बातमीपत्र संपलं. रेघा खाली बसल्या, आणि मेहुण्याने घाईने बंद केलं.

"पुन्हा लाव," वहिनी म्हणाल्या. मग त्या वळल्या आणि नवऱ्याला बघून दचकल्या. "कधी आलात? ऐकलंत?"

त्यांनी मान हलवली.

"बरोबर आहे ना? असाच बोलायचा ना तो? मला आता आठवत नाही हो नीट. रेघांवरून मला कुणी मोठा माणूस वाटला. आता कान काय ते तुमचेच."

मेहुणा पुढे सरकला आणि तोंड फिरवून पुटपुटला, "भाऊजी, राहू द्या ना. तिला काय कळणार आहे? आणि खरं सांगू? मलासुद्धा हा असाच बरा वाटला. मोठा झाल्यासारखा."

"मलाही," कानसेन म्हणाले.

"मग?"

"इकडे तोंड करून बोला!" वहिनी कडाडल्या. दुसऱ्या मजल्यावर भांडं पडलं. "दोघं मिळून काय शिजवताय? काय चुकलंय?"

नवऱ्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते त्या बघत होत्या. कानसेनांनी पाटी ओढून घेतली. खडू उचलला. एक 'हो' लिहिलं असतं तर घरात पुन्हा एक तरणाताठा माणूस राहायला आला असता. रोज दुपारी, जेवणं उरकल्यावर. आणि तिने तो आपलाच म्हणून बघितला असता, शेवटपर्यंत, त्यांच्या भरवशावर.

त्यांनी लिहिलं : हळू चाललाय. बारा सेकंदांचे तेरा होतायत.

वहिनींनी वाचलं. "म्हणजे मिळतोय जास्तच."

"हो."

"पण असा नव्हता."

"नाही."

वहिनी टीव्हीकडे वळल्या. काळ्या पडद्यात त्यांचाच चेहरा दिसत होता. "मग हा नको," त्या म्हणाल्या. "मला जास्त नको. जेवढा होता तेवढाच द्या."

कानसेन उठले. कपाटाच्या वरच्या खणातून त्यांनी जुने हेडफोन काढले. कानावरचा स्पंज झडून पिवळी भुकटी झाली होती, ती त्यांनी फुंकरीने उडवली. कॉम्प्युटर सुरू केला. मूळ फाइल काढली आणि तिची प्रत करायला लावली, तुकडे नीट, नव्याने पाडून. मेहुणा म्हणाला, मी चहा टाकतो. त्याच्या सगळ्या कारकिर्दीत गरजेची वस्तू योग्य वेळी देऊ करण्याचा हा पहिलाच प्रसंग.

प्रत तयार झाली. कानसेनांनी हेडफोन लावले आणि मान वर केली, तर वहिनींनी खुर्ची उचलून त्यांच्या अगदी समोर आणून ठेवली होती, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी.

"तू तिकडे बस," ते म्हणाले. "टीव्हीवर लावतोच आता."

"टीव्हीवर अजून काही नाहीये," वहिनी म्हणाल्या. "जे आहे ते इथे उमटणार आहे. लावा."

त्यांनी लावलं.

पहिल्याच शब्दाला त्यांचे डोळे मिटले. पोरगा घाईत होता. केंद्रातल्या निवेदकांची नक्कल करताना आवाज मुद्दाम जाड काढत होता आणि तो जागोजागी फाटत होता. एकोणिसाव्या वर्षी फाटतो तसा. शब्दांवर शब्द चढत होते. कानसेनांच्या ओठांचं एक टोक हललं.

"दूध?" वहिनींनी विचारलं.

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने त्यांनी हात आपोआप स्वतःच्या चष्म्याकडे नेला. वहिनी हसल्या, कशाला ते विचारलं नाही. मग कानसेनांनी डोळे उघडून एकदम त्यांच्याकडे पाहिलं.

"मी आहे का त्यात?"

हो.

"ओरडतेय?"

हो.

"वाटलंच मला," वहिनी म्हणाल्या आणि पदराने नाक पुसलं.

बातमीपत्रानंतरही मशीन चालूच राहिलं होतं, हे त्यांना मघाशी कळलं नव्हतं. मेहुण्याने घाईने बंद केलं होतं. बातम्या संपवून पोराने खुर्ची सरकवली, कसलंसं गाणं गुणगुणला, अर्धवट सोडलं. नळ सुरू झाला. फडकं पिळल्याचा आवाज. मग काहीच नाही. फक्त स्वयंपाकघर, रविवारचं. माणसं दुसऱ्या खोलीत असताना घर जसं वाजतं तसं. ते काहीच नसलेलंसुद्धा कानसेनांनी संपेपर्यंत ऐकलं. मध्ये एकदा त्यांना थांबून चष्मा पुसावा लागला. हेडफोनने ऐकताना चष्मा धुरकट का व्हावा, याचं शास्त्रीय कारण त्यांनी पुढेही कधी दिलं नाही.

हेडफोन काढून ते म्हणाले, "ठीक आहे. जाऊ द्या." केंद्रातही ते एवढंच म्हणत.

टीव्हीवर लावलं तेव्हा वहिनी पुढे झुकल्या. रेघा आता बारीक होत्या, चुळबुळ्या, एकमेकींच्या पायात पाय घालणाऱ्या. वर गेल्या न गेल्या तोच खाली. तळवा स्पीकरवर. पहिल्या काही क्षणांतच त्यांच्या तोंडून निघालं, "अगं बाई! किती ती लगबग!" मेहुणा तीन कप घेऊन दारात उभा होता. चहावर साय धरली तरी तो आत आला नाही.

संपल्यावर त्याने हळूच विचारलं, "भाऊजी, ते दुसरं... माझं चुकलेलं. काडीवर आहे अजून. राहू दे का?"

कानसेनांनी फाइलच्या नावावर बोट ठेवलं. दोन्ही नावं एकाखाली एक होती, जवळजवळ सारखीच. नुसतं नाव वाचून आतला माणूस ओळखू आला नसता. केंद्रात चुकलेली प्रत त्याच दिवशी पुसायची असे, कारण ठेवली की कधीतरी तीच खरी म्हणून वाजते. हे त्यांनी कितीतरी नवशिक्यांना शिकवलं होतं. त्यांचं बोट तिथेच होतं.

वहिनी बघत होत्या. "तो मोठा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कसा होता हो?"

कानसेनांनी विचार केला. "चांगला होता," ते तोंड त्यांच्याकडे करून, एकेक शब्द नीट उमटवत म्हणाले. "सावकाश बोलायचा. कळत होतं त्याला सगळं."

वहिनींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पुसा," त्या म्हणाल्या. "दोघांना पुरेल एवढं बळ नाहीये माझ्यात."

त्यांनी पुसलं. यंत्राने विचारलं, नक्की पुसायचं? एकदा सांगून समजत नाही, एवढाच काय तो यंत्रांचा माणसांशी सारखेपणा. कानसेनांनी पुन्हा हो म्हटलं. यादीत एकच नाव उरलं.

मेहुणा निवलेला चहा घेऊन आत आला. तिघांनी तो तसाच प्यायला. कुणीही नावं ठेवली नाहीत, यावरून त्या घरातल्या वातावरणाची कल्पना यावी.

मग वहिनींनी नवऱ्याला टीव्हीसमोर आपल्या शेजारी बसवलं आणि रिमोट त्याच्या हातातून काढून घेतला. "आता माझ्यासारखं बघा," त्या म्हणाल्या, आणि आवाज खाली खाली नेत शून्यावर आणला.

"काहीच ऐकू येणार नाही," कानसेन म्हणाले.

"हो ना."

खोली गप्प झाली. पडद्यावर पोराच्या रेघा धावायला लागल्या. कानसेनांना पहिल्यांदा नुसता हिरवा गोंधळ दिसला. कान नसताना कुठे बघायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. वहिनी पुढे वाकल्या, बोट पडद्याजवळ नेलं आणि थांबल्या. रेघा क्षणभर खाली बसल्या, जेमतेम, आणि पुन्हा उठल्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "इथे त्याने श्वास घेतला."